चिवड्याची वाटी आणि मूत्रपिंडाचें पथ्य

मराठी भाषेंत मिठाला जो मान आहे तो क्वचितच दुसऱ्या एखाद्या जिन्नसाला लाभला असेल. उपकार न विसरणाऱ्या मनुष्याला खाल्ल्या मिठाला जागणारा म्हणतात. चांगल्या कार्यांत विघ्न आलें कीं दुधांत मिठाचा खडा पडला असें म्हणतात. आणि नीरस कविता, नीरस व्याख्यान व नीरस सोबती या तिघांनाहि ‘अळणी’ हें एकच विशेषण पुरतें. १९३० सालीं दांडीच्या किनाऱ्यावर उचललेल्या मूठभर मिठानें सारा देश जागा झाला, यालाहि मिठाचें घराघरांतील हें स्थानच कारण झालें. अशा समाजांत डॉक्टर जेव्हां रोग्याला ‘आजपासून मीठ कमी’ असें सांगतात, तेव्हां घरच्या मंडळींना ती आहाराची सूचना वाटत नाहीं; शिक्षा वाटते.

मूत्रपिंडाच्या विकारानें आजारी पडलेल्या मनुष्याच्या वांट्यास ही शिक्षा बहुधा येतेच, आणि तिची पहिली अंमलबजावणी होते ती फराळाच्या डब्यांवर. चिवडा, चकली, शेव, भडंग, पापड, लाह्या हें सर्व एकदम बंद होतें. पुढें घरोघरीं दोन तऱ्हा दिसतात. कांहीं घरांत बंदी इतकी कडक असते कीं, दिवाळीच्या दिवशीं घरांतील वडील मनुष्य कोरड्या भाकरीचा तुकडा घेऊन बाजूच्या खोलींत बसतो आणि संधि सांपडली कीं डब्यांत हात घालतो. कांहीं घरांत उलट दया बोकाळते. ‘एवढ्याशानें काय होतें’ असें म्हणून वाटी पुढें केली जाते, आणि दोन दिवसांनीं पायांवर सूज चढली म्हणजे धावाधाव होते. बंदी आणि दया या दोहोंच्या मुळाशीं अज्ञान मात्र एकच आहे. वाटींतील अपाय नेमका कशांत आहे, धान्यांत, मिठांत, कीं त्यांत मिसळलेल्या इतर जिनसांत, हें कोणी नीट पाहिलेलें नसतें. तें पाहिलें म्हणजे असें आढळून येतें कीं, धान्य बहुतेक वेळां निरपराधी असतें, आणि थोड्या हिशेबानें रोग्याची वाटी त्याला परत देतां येते.

प्रथम मूत्रपिंडांचें काम समजून घेतलें पाहिजे. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला, मुठीएवढीं अशीं हीं दोन इंद्रियें असतात. प्रत्येकांत सुमारें दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. या गाळण्यांतून दिवसभरांत सुमारें १८० लिटर द्रव गाळला जातो, आणि त्यांतून अखेर लघवी होते ती अवघी दीड लिटरच्या आसपास. बाकीचा सर्व द्रव रक्तांत परत जातो. या गाळलेल्या द्रवाबरोबर दररोज जवळजवळ दीड किलो मीठ गाळण्यांच्या पलीकडे जातें, आणि त्यांतील शेंकडा नव्याण्णव भागांहून अधिक मीठ मूत्रपिंडें पुन्हां वेंचून आंत घेतात. जेवढें मीठ मनुष्यानें खाल्लें असेल तेवढेंच, कांहीं थोड्या ग्रॅमांचें, बाहेर टाकतात. दीड किलोच्या उलाढालींत चारदोन ग्रॅमांचाहि फरक पडूं न देणारा असा जमाखर्च कोणत्याहि पेढीवरचा कारकून ठेवूं शकणार नाहीं.

गाळण्या निकामी होऊं लागल्या कीं प्रथम हाच जमाखर्च बिघडतो. खाल्लेलें मीठ बाहेर जात नाहीं, तें अंगांत सांचतें. आणि मीठ एकटें कधींच सांचत नाहीं, तें आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतें. शिरेंतून देतात त्या सलाइनच्या एक लिटर पाण्यांत नऊ ग्रॅम मीठ असतें, कारण रक्ताचा खारटपणा साधारणतः त्याच बेताचा आहे. याचा व्यवहारी अर्थ असा कीं, बाहेर न गेलेलें दर नऊ ग्रॅम मीठ अंगांत सुमारें एक लिटर पाणी कोंडून ठेवतें. तें पाणी प्रथम घोट्यांवर दिसतें, नंतर डोळ्यांखालीं, रक्तदाब वाढतो, आणि अखेर तें फुफ्फुसांत उतरलें म्हणजे रोग्याला उताणें निजवत नाहीं. वाढलेला रक्तदाब उरलेल्या गाळण्यांवरहि आघात करतो, म्हणजे रोगानें वाढविलेला दाब पुन्हां रोगालाच हातभार लावतो. ज्यांना डायलिसिस घ्यावें लागतें आणि पाणी पेल्यानें मोजून प्यावें लागतें, त्यांच्या बाबतींत तर मिठाचें महत्त्व दुप्पट आहे. मीठ खाल्लें कीं तहान लागते, आणि तहानेपुढें निर्धार फार वेळ टिकत नाहीं. रोग्याला पाणी कमी पिण्यास सांगून त्याच्या पुढ्यांत खारट चिवडा ठेवणें म्हणजे चुलींतील जाळ वाढवून दुधाला ‘उतूं नकोस’ म्हणण्यासारखें आहे.

हें ज्ञान एका दिवसांत आलेलें नाहीं. लंडन येथील गाय्ज हॉस्पिटलांतील डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनीं १८२७ सालीं अंगावरील सूज, लघवींतून जाणारा आल्ब्युमिन नांवाचा पदार्थ आणि बिघडलेलीं मूत्रपिंडें या तिहींचा संबंध जोडून दाखविला. पुढें शंभर वर्षें या विकारांना ‘ब्राइटचा रोग’ असेंच म्हणत. त्यानंतर पाऊणशें वर्षांनीं, १९०३ च्या सुमारास, पॅरिसमध्यें फर्नां विडाल यांनीं अशा रोग्यांना मीठ देऊन व मीठ तोडून पाहिलें. मीठ दिलें कीं सूज व वजन वाढे, मीठ तोडलें कीं दोन्ही उतरत. सुजेचें मूळ पाण्यांत नसून मिठांत आहे हें तेव्हांपासून स्पष्ट झालें.

परंतु प्रस्तुत विषयाला सर्वांत जवळची कथा आहे ती वॉल्टर केंपनर या डॉक्टरांची. हिटलरची सत्ता आल्यावर ते जर्मनी सोडून अमेरिकेंत गेले आणि उत्तर कॅरोलिनांतील ड्यूक विद्यापीठांत काम करूं लागले. त्या काळीं अत्यंत वाढलेल्या रक्तदाबावर चालणारें औषध जवळजवळ नव्हतेंच. मूत्रपिंडें नासलेल्या अशा रोग्यांचें आयुष्य महिन्यांनीं मोजीत. केंपनर यांनीं १९३९ पासून अशा रोग्यांना एक विलक्षण पथ्य देण्यास आरंभ केला. भात, फळें, फळांचा रस व साखर एवढेंच, आणि मीठ मुळींच नाहीं. १९४४ सालीं त्यांनीं आपले निष्कर्ष जाहीर केले. पुष्कळ रोग्यांचा रक्तदाब उतरला होता, वाढलेलें हृदय लहान झालें होतें, आणि डोळ्यांच्या आंतील पडद्यावरचे रक्तस्रावहि ओसरले होते. हें पथ्य इतकें कठोर आहे कीं आज तें कोणी जसेंच्या तसें सांगत नाहीं. शिवाय फळांच्या रसांतील पोटॅशियम कांहीं रोग्यांना घातक ठरतें. तरी त्यांतून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली. वाटीभर तांदुळानें मूत्रपिंडाच्या रोग्याला अपाय होत नाहीं; तांदुळावर शिंपडलेल्या मिठानें होतो. साळीच्या लाह्या, पोहे व मुरमुरे हीं त्या तांदुळाचींच रूपें आहेत.

मग मीठ किती चालेल? जागतिक आरोग्य संघटनेनें निरोगी प्रौढ मनुष्यालाहि दिवसाला पांच ग्रॅमांहून कमी मीठ खाण्यास सांगितलें आहे, आणि मूत्रपिंडाच्या जुनाट विकारांविषयीं २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेंतहि हीच मर्यादा आहे. पांच ग्रॅम म्हणजे चहाचा लहान चमचा सपाट भरला असतां त्याहूनहि थोडें कमी. यांत दोन्ही वेळची आमटी, भाजी, कोशिंबीर, पोळीची कणीक, ताटाच्या डाव्या बाजूचें लोणचें आणि सायंकाळचा फराळ, सर्व कांहीं आलें. गृहिणीनें पुष्कळ हात आखडून दोन वेळचें जेवण चार ग्रॅमांत बसविलें, तर फराळाला उरला एक ग्रॅम. आतां एक किलो चिवड्याला पंचवीस ग्रॅम मीठ घातलें असें धरलें, तर चाळीस ग्रॅम चिवड्यांतच हा एक ग्रॅम संपतो. म्हणजे रोज एक लहानशी वाटी, तीहि जेवणांत काटेकोरपणा राखला तरच. वाटी दुसऱ्यांदा भरली कीं हिशेब चुकला.

येथें फराळाच्या पदार्थांत एक महत्त्वाचा भेद ध्यानांत घेतला पाहिजे. कांहीं पदार्थांत मीठ आंत मळलेलें असतें, कांहींवर तें बाहेरून शिंपडलेलें असतें. चकली, कडबोळें, शेव व पापड हे पहिल्या जातीचे. भाजणींत किंवा पिठांत मीठ एकदां मळलें कीं तें काढतां येत नाहीं, आणि तें पिठाच्या पोटांत दडलेलें असल्यामुळें जिभेला त्याचा पुरता पत्ताहि लागत नाहीं. पापडांत तर मिठाच्या जोडीला पापडखार असतो, म्हणजे सोडियम दोन वाटांनीं शिरतें. चिवडा व लाह्या हे दुसऱ्या जातीचे. त्यांत मीठ सर्वांत शेवटीं पडतें, वरच राहतें आणि जिभेला सर्वांआधीं भेटतें. म्हणून थोड्या मिठांत अधिक चव देण्याचा गुण त्यांच्या अंगीं आहे. मूत्रपिंडाच्या रोग्याला फराळांतून कांहीं निवडावयाचें असेल तर चकलीपेक्षां चिवडा निवडावा, याचें कारण हेंच. चकलीचा मोह अनावरच असेल तर बिनमिठाच्या भाजणीचा वेगळा घाणा करावा. तेवढें कष्टाचें काम नाहीं.

लाह्या, मुरमुरे आणि पोहे यांतहि तारतम्य आहे. साळीच्या लाह्या टरफलासकट साळ तापवून फुलविलेल्या असतात, आणि त्यांत मीठ नसतें. लक्ष्मीपूजनाला बत्ताशांबरोबर आणलेल्या लाह्या सण उलटल्यावर कोनाड्यांत पडून असतात. रोग्याच्या दृष्टीनें घरांतील सर्वांत सोज्वळ धान्य तेंच. नागपंचमीच्या जोंधळ्याच्या लाह्याहि बिनमिठाच्या असतात. मात्र जोंधळा कोंड्यासकट असल्यामुळें त्यांत पोटॅशियम व स्फुरद हीं सडलेल्या तांदुळापेक्षां अधिक असतात, म्हणून त्या बेतानें खाव्या. मुरमुऱ्यांविषयीं मात्र सावध असावें. भडभुंज्याच्या भट्टींत उकड्या तांदुळाला पुष्कळदां मिठाचें पाणी देऊन मग तो तापलेल्या वाळूंत फुलवितात. त्यामुळें घरीं मिठाचा कणहि न घालतां केलेली भेळ खारट लागते. मुरमुरे घेतांना तोंडांत टाकून पाहावे, आणि खारट लागले तर त्यांवर पुन्हां मीठ घालूं नये, किंवा त्यांच्या जागीं लाह्या वापराव्या. कोल्हापूर–सांगलीकडील भडंग चविष्ट खरें, परंतु त्यांतील मीठ, मसाला आणि दाण्यांची रेलचेल पाहतां रोग्यानें तें घरीं, आपल्या मापानें करून खावें हें बरें. पातळ पोहे हे बहुधा बिनमिठाचे मिळतात. चिवड्याला तेच उत्तम.

धान्य व मीठ यांच्यानंतर तिसरी गोष्ट म्हणजे चिवड्याचा साज. शेंगदाणे, डाळें, काजू, बेदाणे व खोबऱ्याचे काप यांवांचून चिवडा गरीब दिसतो हें खरें. पण रोग बळावलेल्या मनुष्याला खरा दगा येथेंच होतो. मूत्रपिंडें पोटॅशियमहि बाहेर टाकीत असतात. तें रक्तांत सांचलें तर हृदयाची लय बिघडते, आणि ती बिघडण्यापूर्वीं शरीर पूर्वसूचना देईलच असें नाहीं. शंभर ग्रॅम मुरमुऱ्यांत पोटॅशियम शंभर मिलिग्रॅमांच्या आसपास असतें. तितक्याच शेंगदाण्यांत तें सुमारें सातशें मिलिग्रॅम असतें. बेदाणेहि त्याच पंक्तींतले. स्फुरदाची गोष्ट थोडी निराळी आहे. तें सांचलें तर अंगाला खाज सुटते, हाडें ठिसूळ होतात व रक्तवाहिन्या कडक होऊं लागतात; परंतु धान्यांतील व डाळींतील स्फुरदाचा बराच भाग शरीराला शोषून घेतां येत नाहीं. म्हणून दाण्याचें नांव काढतांच घाबरण्याचें कारण नाहीं. ज्याच्या रक्तांत पोटॅशियम वाढलेलें नाहीं त्याला वाटींत आठदहा दाणे डॉक्टर बहुधा नाकारणार नाहींत. ज्याचें वाढलें आहे त्यानें साज मुळींच न घालतां कढीलिंब, जिरें व तीळ यांच्या बेताच्या फोडणीवर समाधान मानावें.

आतां मिठाच्या टोपणनांवांकडे वळलें पाहिजे, कारण सुशिक्षित घरांतच तीं अधिक फसवितात. सैंधव हें औषधी, म्हणून निरुपद्रवी, अशी समजूत फार रूढ आहे. सैंधव खाणींतून येतें आणि साधें मीठ समुद्रांतून, एवढाच काय तो मुख्य फरक. दोहोंत सोडियम क्लोराइड शेंकडा नव्वदांहून अधिकच. पादेलोणाचा वास निराळा असला तरी तेंहि मीठच. खाण्याचा सोडा व पापडखार हे सोडियमचेच क्षार. चिनी पदार्थांतील अजिनोमोटो यांतहि सोडियम आहे. डॉक्टर कधींकधीं मूत्रपिंडाच्या रोग्याला सोड्याच्या गोळ्या देतात. तें रक्तांतील आम्लता कमी करण्याचें औषध आहे, आणि त्यावरून फराळांतील सोडा निर्दोष ठरत नाहीं.

परंतु सर्वांत मोठा धोका ‘कमी सोडियमचें मीठ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठाचा आहे. यांत सोडियम क्लोराइडचा कांहीं भाग काढून त्या जागीं पोटॅशियम क्लोराइड घातलेलें असतें. निरोगी मनुष्याला तें हितकर ठरूं शकतें. चीनच्या खेड्यांत झालेल्या, २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत अशा मिठानें पक्षाघाताचें प्रमाण घटलें. मात्र ज्यांना मूत्रपिंडाचा गंभीर विकार होता त्यांना त्या प्रयोगांत घेतलेंच नव्हतें. आणि जागतिक आरोग्य संघटनेनें २०२५ सालीं या मिठाची शिफारस करतांना मूत्रपिंडें दुबळीं असलेल्यांना ती लागू नाहीं असें स्पष्ट म्हटलें. मुलगा प्रेमानें वडिलांसाठीं महाग मीठ आणतो, आणि त्या पुडींत नेमका तोच क्षार असतो जो वडिलांच्या हृदयाला नको आहे. चांगल्या हेतूनें होणारा हा अपघात टाळण्यास पुडीवरचीं बारीक अक्षरें वाचणें एवढा एकच उपाय आहे.

बाजारच्या पाकिटांनाहि तोच नियम. पाकिटाच्या पाठीवर सोडियमचा आंकडा शंभर ग्रॅमांमागें मिलिग्रॅमांत दिलेला असतो. त्याला अडीचनें गुणलें म्हणजे मिठाचें वजन निघतें. ज्या पाकिटावर ८०० हा आंकडा असेल त्यांत शंभर ग्रॅमांमागें दोन ग्रॅम मीठ आहे. म्हणजे पन्नास ग्रॅमांचें लहान पाकीट संपविलें कीं फराळाचा एक ग्रॅम संपला. घटकद्रव्यांच्या यादींत ‘फॉस्फेट’ हा शब्द कोठेंहि दिसला तर तें पाकीट खालीं ठेवावें. धान्यांतील स्फुरद शरीर अर्धवट शोषतें, पण हें वरून घातलेलें स्फुरद जवळजवळ सगळें रक्तांत जातें.

उपवासाच्या फराळाची गोष्ट येथेंच सांगणें इष्ट आहे. धान्य वर्ज्य केल्यानें पथ्य अधिक कडक झालें असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः बटाट्याचा तळलेला कीस, शेंगदाणे व सैंधव यांचा उपवासाचा चिवडा हा मूत्रपिंडाच्या रोग्याला धान्याच्या चिवड्यापेक्षां पुष्कळ अधिक जड आहे, कारण बटाटा व दाणे या दोहोंतहि पोटॅशियम विपुल असतें आणि पाणी उडून गेलेल्या किसांत तें एकवटतें. ज्याला उपवास मोडावयाचा नाहीं त्यानें साबुदाण्याकडे वळावें. त्यांत पोटॅशियम फारच थोडें असतें. मात्र त्यावर दाण्याच्या कुटाची मूठ पडली कीं हा लाभ गेला.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे. पातळ पोहे किंवा साळीच्या लाह्या मंद आंचेवर कोरड्या भाजून घ्याव्या. कुरकुरीतपणा हाच चिवड्याचा प्राण आहे, आणि तो भाजण्यानें येतो, मिठानें नव्हे. थोड्या तेलांत मोहरी, जिरें, हिंग, हळद, हिरवी मिरची व कढीलिंब यांची खमंग फोडणी करावी. आवडत असेल तर लसणाच्या पाकळ्या ठेंचून लाल होऊं द्याव्या. पोहे परतून झाले कीं मीठ घालण्यापूर्वीं रोग्याचा वाटा वेगळा काढावा. घरच्या काट्यावर एक ग्रॅम तोलला जात नाहीं; यास्तव बारीक दळलेलें मीठ पांच ग्रॅम तोलून कागदावर पसरावें व त्याचे पांच सारखे भाग करून पूर्वींच्या वैद्यांप्रमाणें पुड्या बांधाव्या. खातेवेळीं अर्धी पुडी वाटीवर भुरभुरावी, वर लिंबाचे चार थेंब पिळावे किंवा चिमूटभर आमचूर घालावें. आंबटपणा व फोडणीचा वास हे मिठाची उणीव पुष्कळ अंशीं झांकतात. आधीं घातलेलें मीठ सगळ्या डब्यांत विखुरतें आणि त्याचा हिशेब राहत नाहीं. पुडींतलें मीठ शेवटच्या कणापर्यंत रोग्याच्या नजरेसमोर राहतें. दुसऱ्यानें घातलेल्या बंदीपेक्षां स्वतः केलेला हिशेब मनुष्य अधिक इमानानें पाळतो, हाहि यांतील एक लाभ.

कांहीं सावधगिरीच्या गोष्टी थोडक्यांत सांगितल्या पाहिजेत. ज्यांना मधुमेहामुळें मूत्रपिंडाचा विकार जडला आहे अशांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. पोहे, मुरमुरे व साळीच्या लाह्या रक्तांतील साखर झपाट्यानें वाढवितात, म्हणून अशा रोग्यानें ती वाटी जेवणाच्या भरीला न घेतां जेवणांतील भाताऐवजीं धरावी. प्रथिनांचें मापहि अवस्थेप्रमाणें बदलतें. डायलिसिसपूर्वीं तीं वजनाच्या दर किलोस ०.८ ग्रॅम इतकीं बेताचीं ठेवण्यास सांगतात, आणि डायलिसिस सुरू झाल्यावर वाढविण्यास सांगतात. त्यामुळें डाळें किंवा बेसनाची शेव यांविषयीं एका रोग्याला मिळालेला सल्ला दुसऱ्याला लागू पडत नाहीं. कांहीं थोड्या विकारांत मूत्रपिंडें मीठ धरून ठेवण्याऐवजीं वाहूं देतात. त्या रोग्यांनीं मीठ तोडणें अपायकारक होय. तेव्हां रक्ताची तपासणी व डॉक्टरांचा शब्द हाच अखेरचा आधार, शेजाऱ्याचा अनुभव नव्हे. मुतखड्याची खोड असलेल्यांनींहि येथें लक्ष द्यावें. जास्त मिठानें लघवींतून चुना अधिक जाऊं लागतो, आणि खडे बहुधा त्या चुन्याचेच बनतात.

जिभेविषयीं मात्र एक आनंदाची गोष्ट आहे. खारटपणाची आवड ही संवय आहे, प्रकृति नव्हे. मीठ कमी केल्यावर पहिले कांहीं आठवडे अन्न मातीसारखें लागतें. पण दोनतीन महिने नेटानें काढले म्हणजे जीभ आपला बेत बदलते, आणि पूर्वींचा चिवडा तोंडांत घेतला असतां तोच असह्य खारट लागतो. रोग्याला हें अगोदर सांगून ठेवलें पाहिजे. आपलें सारें आयुष्य बेचव जाणार अशी त्याची कल्पना झालेली असते, आणि त्या निराशेपोटींच तो पथ्य मोडतो.

येथें घरच्या माणसांचें कर्तव्य येतें. मूत्रपिंडाचा विकार दीर्घ मुदतीचा असतो; पंधरा दिवसांच्या तापासारखा तो येऊन जात नाहीं. वर्षानुवर्षें एका मनुष्यानें वेगळ्या वाडग्यांतून वेगळें अन्न खावें आणि इतरांनीं त्याच्यासमोर खमंग वास दरवळत ठेवावे, ही व्यवस्था कोणत्याहि घरांत फार दिवस टिकत नाहीं. पहिल्या महिन्यांत रोगी निमूटपणें सोसतो; दुसऱ्या महिन्यांत तो चिडतो; तिसऱ्या महिन्यांत चोरून खाऊं लागतो; आणि चोरून खाल्लेल्याचा हिशेब डॉक्टरांना कोणीच सांगत नसल्यामुळें औषधाचें मापहि चुकतें. यापेक्षां सगळ्या घराचेंच मीठ हळूहळू उतरविणें शहाणपणाचें. ज्या घरांत एकाला मूत्रपिंडाचा विकार आहे त्या घरांत दुसऱ्या कोणाचा तरी रक्तदाब चढता असण्याचा संभव थोडा नसतो, आणि पांच ग्रॅमांची मर्यादा तर निरोग्यांनाहि सांगितलेली आहे. ताटांतून मिठाची वाटी उठली, लोणचें रोजचें न राहतां सणाचें झालें, आणि चिवडा बिनमिठाचा करून ज्यानें त्यानें आपल्यापुरतें मीठ भुरभुरावें अशी रीत पडली, तर रोगी व निरोगी हा भेद डब्यापाशीं उरणार नाहीं.

पाहुण्यांनींहि एक पथ्य पाळावयाचें असतें. आग्रह हा मराठी आतिथ्याचा अलंकार खरा, परंतु ‘माझ्या हातची एकच चकली’ असें दहा घरीं झालें म्हणजे दहा चकल्या होतात, आणि मूत्रपिंडांना आग्रह करणाऱ्याच्या प्रेमाशीं कर्तव्य नसतें. दिवाळीच्या दिवशीं अशा घरीं जाणाऱ्यानें हातांत साळीच्या लाह्यांचा पुडा न्यावा, आणि आग्रह करावयाचाच तर त्याचा करावा. लाह्या भाजून, फोडणी देऊन, मिठाची अर्धी पुडी बाजूला ठेवून, सर्वांबरोबर मांडलेल्या पाटावर ती वाटी रोग्यापुढें आली, तर त्याला सणाचा घांस मिळतो, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं वजनाचा कांटा आदल्या दिवशींच्याच आंकड्यावर उभा राहतो. पथ्याकडून रोग्याला आणि त्याच्या घराला हवें असतें तें एवढेंच.